सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्र्यूज हे विद्यापीठाचे लहानसे गाव आहे. गाव संपते तिथे ओल्ड कोर्स सुरू होतो आणि त्याच्या पलीकडे वेस्ट सँड्सचा दोन मैल लांबीचा वाळूचा किनारा आणि समुद्र. पुण्या-मुंबईतून ब्रिटनला फिरायला, किंवा तिथे शिकणाऱ्या मुलांना भेटायला जाणाऱ्या गोल्फ खेळाडूंकडून या कोर्सबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः तिथे खेळलो आहे. आपल्याकडच्या खेळाची सवय तिथे कुठे अडते हे मला मैदानावरच कळले, म्हणून त्या भागावर अधिक लिहिले आहे.

‘लिंक्स’ म्हणजे नेमके काय? समुद्राकाठचा प्रत्येक गोल्फकोर्स लिंक्स असतो का?

नाही. समुद्र दिसतो म्हणून कोर्स लिंक्स ठरत नाही. समुद्र आणि नांगराखालची शेतजमीन यांच्या मधला जो वाळूचा, उंचसखल, पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी पट्टा असतो, त्याला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. हिमयुगानंतर समुद्र मागे हटला, त्याने सोडलेली वाळू वाऱ्याने रचली आणि तिच्यावर फेस्क्यूसारखे बारीक पात्याचे, चिवट गवत धरले. त्या जमिनीत शेत पिकत नव्हते, म्हणून तिथे मेंढ्या चरल्या, ससे वाढले आणि लोक खेळले.

खेळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की वाळूतून पाणी पटकन झिरपते. पावसाची जोरदार सर येऊन गेली तरी जमीन थोड्याच वेळात पुन्हा टणक होते. चेंडू पडतो तिथे थांबत नाही. उसळतो, घरंगळतो आणि जमिनीचा उतार त्याला नेईल तिकडे जातो. या कोर्सवर जे काही वेगळे आहे, ते सगळे या एका गोष्टीतून निघालेले आहे.

हा कोर्स एखाद्या क्लबच्या मालकीचा आहे का? सभासद नसताना खेळता येते का?

येते. पहिल्या टीच्या (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेच्या) मागे दिसणारी दगडी इमारत ‘रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब’ची आहे. १७५४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळींना १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्याकडून हे नाव मिळाले आणि सध्याची इमारत १८५४ ची आहे. त्या इमारतीत सभासदांखेरीज कोणाला प्रवेश नसतो, त्यामुळे पाहुण्यांचा समज होतो की कोर्सही त्यांचाच असावा. प्रत्यक्षात ही जमीन गावाची आहे.

आपल्याकडे गायरान जसे साऱ्या गावाचे, तसेच हे. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने या जमिनीवर सशांची पैदास करण्याची परवानगी घेतली, तेव्हा त्या सनदेत गावकऱ्यांचा गोल्फ खेळण्याचा हक्कही नोंदवला गेला. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान पोखरले आणि त्यावरून गोल्फ खेळणारे व व्यापारी यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे आणि कोर्टकज्जे चालले. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या जमीनदाराने जागा विकत घेऊन खेळ वाचवला आणि १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. १९७४ च्या कायद्यानंतर सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट इथल्या कोर्सांचा कारभार पाहतो.

म्हणूनच ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ हा सार्वजनिक रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेवरून, म्हणजे खेळण्यासाठी राखलेल्या आखूड गवताच्या पट्ट्यावरून, आडवा जातो. त्यावरून समुद्राकडे निघालेली कुटुंबे, कुत्रे, कधी मोटारीही जातात. अशा वेळी खेळाडूने थांबायचे असते. आपण तिथे गावाचे पाहुणे आहोत, एवढे मनात ठेवले की शिष्टाचाराचे निम्मे नियम वेगळे शिकावे लागत नाहीत.

खेळण्याची वेळ कशी मिळवावी?

मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे आगाऊ आरक्षण. त्याचे अर्ज आदल्या वर्षीच घेतले जातात आणि जागा मोजक्या असतात. दुसरा म्हणजे अधिकृत सहल कंपन्यांमार्फत. यात वेळ पक्की मिळते, पण हॉटेल व इतर कोर्स जोडलेले असल्यामुळे खर्च बराच वाढतो.

तिसरा मार्ग सोडतीचा आहे आणि मला तोच सर्वांत न्याय्य वाटतो. दोन ते चार जणांच्या गटाने खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी आपली नावे ऑनलाइन द्यायची आणि त्याच दिवशी निकाल पाहायचा. नाव देण्याला पैसे पडत नाहीत. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, म्हणून सोमवारच्या खेळाची सोडत शनिवारी होते. गावात एकच दिवस मुक्काम करून सोडतीवर भरवसा ठेवणे हा जुगार आहे. चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत, रोज नाव द्यावे, आणि वेळेची अट घालू नये.

व्हिसाच्या अर्जाशी सोडतीचा काही संबंध नाही. भारतीय नागरिकांना नेहमीचा अभ्यागत व्हिसा पुरतो. त्यामुळे आधी व्हिसा आणि मुक्काम ठरवावा आणि सोडत त्यानंतरची समजावी.

मी एकटाच जाणार आहे. मला संधी आहे का?

आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा बरी आहे. पूर्वी एकट्या खेळाडूंना मध्यरात्रीपासून ओल्ड पॅव्हिलियनबाहेर थंडीत रांग लावावी लागे. २०२४ पासून ती रांग बंद झाली आणि एकट्यांसाठी वेगळी सोडत सुरू झाली. त्यासाठी आदल्या दिवशी स्वतः गावात हजर राहून नाव नोंदवावे लागते. दोन किंवा तीन जणांच्या गटात जागा रिकामी असेल तर तिथे आपल्याला जोडले जाते. अनोळखी माणसांबरोबर चार तास चालण्याची तयारी हवी. माझ्या अनुभवात त्या चार तासांत गप्पा कमी होतात आणि एकमेकांचे चेंडू शोधणे अधिक होते, तरीही अठराव्या ग्रीनवर (होलच्या शेवटी झेंड्याभोवती असलेल्या गुळगुळीत हिरवळीवर) हात मिळवताना ओळख झालेली असते.

हँडिकॅपचे प्रमाणपत्र लागते का?

लागते. आपल्या क्लबने दिलेले, चालू तारखेचे हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) दाखवता आले पाहिजे. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आल्यामुळे भारतातला आकडा तिथे समजावून सांगावा लागत नाही. नुकताच खेळ शिकलेल्यांनी हट्टाने ओल्ड कोर्सच धरू नये. त्याच ट्रस्टचा नऊ होलांचा बाल्गोव्ह हा कोर्स नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठीच आहे, आणि तिथेही तीच वाळू आणि तोच वारा आहे.

खर्च किती येतो?

ओल्ड कोर्सची २०२४ च्या उन्हाळी हंगामातील एका फेरीची फी ३२० पौंड होती, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण तेहतीस-चौतीस हजार रुपये. फी दरवर्षी वाढत आली आहे, हे धरूनच अंदाजपत्रक करावे. हिवाळ्यात ती बरीच उतरते, परंतु त्या महिन्यांत गवत वाचवण्यासाठी फेअरवेवरचा चेंडू लहान चटईवर ठेवून मारावा लागतो. कॅडीचे (खेळाचे साहित्य वाहून सल्ला देणाऱ्या सोबत्याचे) मानधन आणि बक्षिसी वेगळी, आणि ती रोख देण्याची पद्धत आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

मे आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत चांगले वाटतात. मे महिन्यात गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्याधमक फुलांनी भरलेली असतात आणि दिवस मोठा झालेला असतो. जूनच्या अखेरीस रात्री दहापर्यंत उजेड राहतो, पण गर्दीही तेव्हाच. ‘हार’ नावाचे समुद्रधुके मात्र कधीही येऊ शकते. स्वच्छ ऊन असताना समुद्राकडून पांढरी भिंत सरकत येते आणि पाहता पाहता शंभर यार्डांवरचा झेंडा दिसेनासा होतो. २०२७ ची ‘ओपन’ ही ब्रिटनमधली प्रतिष्ठेची गोल्फ स्पर्धा सेंट अँड्र्यूजला होणार आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्याचा बेत करणाऱ्यांनी कोर्स पाहुण्यांसाठी केव्हा बंद असेल हे आधी तपासावे.

माझा चेंडू तिथेही पुण्याइतकाच लांब जाईल का?

जाणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथली हवा विरळ व उबदार असते. सेंट अँड्र्यूज समुद्राच्या पातळीला आहे आणि जुलैतही दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपासच राहते. नुसत्या उंचीच्या फरकामुळे हवेतले अंतर सुमारे दोन टक्क्यांनी घटते. थंड हवा आणि अंगावरचे जाड कपडे यांचा परिणाम त्यावर आणखी. मुंबईकरांना उंचीचा फरक जाणवणार नाही, थंडीचा मात्र जाणवेल.

वारा या सगळ्या हिशेबापेक्षा मोठा आहे. कोर्सचा आकार मेंढपाळाच्या वाकड्या काठीसारखा असून पहिले होल गावाकडून ईडन नदीच्या मुखाकडे जातात, टोकाला वळसा घेतात आणि शेवटचे होल गावाकडे परततात. जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो आणि एखाद्या दिवशी मध्येच दिशा बदलून दोन्हीकडे तोंडावरच राहतो. अशा वेळी अधिक जोर लावला की चेंडूला फिरकी अधिक मिळते, तो वर चढतो आणि वारा त्याला उचलून बाजूला फेकतो. दोन नंबर मोठा क्लब (खेळण्याची काठी) घ्यावा, तो थोडा आखूड धरावा आणि सावकाश फिरवावा.

जाण्यापूर्वी घरी कोणता सराव करावा?

या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांना आग्रहाने सांगतो, कारण खेळाचा आनंद आणि मनस्ताप यांतला फरक इथेच पडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कोर्सांवर गवत जाड आणि पाणी घातलेले असते, म्हणून आपण चेंडू उंच उडवून ग्रीनवर अलगद उतरवायला शिकतो. त्या फटक्यासाठी वेजचे (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबचे) पाते चेंडूखाली सरकावे लागते आणि त्याला खालचे मऊ गवत वाव देते. लिंक्सच्या जमिनीवर तो वाव नसतो. मी दुसऱ्या होलवर ग्रीनपासून तीस यार्डांवर होतो. चेंडूखाली गवत होते, पण ते इतके आखूड आणि दाट की बोट फिरवल्यावर जुन्या घोंगडीवरून फिरवल्यासारखे लागले. वेजचे पाते त्या टणक जमिनीवर आपटून उसळले, चेंडूच्या पोटात बसले आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या उंचवट्यामागे गेला. माझ्याबरोबरच्या गृहस्थांनी साधारण तेवढ्याच अंतरावरून पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याचा क्लब) काढला. त्यांचा चेंडू दोन उंचवटे चढला-उतरला, शेवटी डावीकडे वळला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला.

म्हणून घरच्या कोर्सवर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, जिथे पाणी पोचत नाही असा कोरडा, घट्ट तुकडा शोधावा. तिथे सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने चेंडू पटरसारखा ढकलण्याचा सराव करावा, म्हणजे तो थोडा उडेल आणि बाकीचे अंतर जमिनीवरून जाईल. चाळीस यार्डांवरून पटर वापरूनही पाहावा. जुलैत जाणाऱ्यांनी हा सराव पावसाळ्यावर सोडू नये, कारण तोवर आपल्याकडच्या फेअरवेवर चेंडू चिखलात रुतून बसलेला असतो.

बंकरची एवढी धास्ती का असते?

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत आणि त्यांतले अनेक टीवरून दिसत नाहीत. काही जण सांगतात की पूर्वी कोर्स उलट्या दिशेने खेळला जाई, म्हणून ते आता पाठमोरे दिसतात, आणि ते बरेचसे खरे आहे. ते लहान आणि खोल असतात. त्यांची पुढची भिंत हिरवळीचे काप विटांसारखे एकावर एक रचून बांधलेली असते, जवळून पाहिले तर गवत आणि मातीचे थर वेगवेगळे मोजता येतात. भिंत जवळजवळ उभी असल्यामुळे चेंडू तिला टेकून बसला तर पुढे मारणे अशक्य होते.

थोरामोठ्यांचीही इथे सुटका झालेली नाही. बॉबी जोन्स १९२१ मध्ये अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकून स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच कोर्सवर १९२७ मध्ये त्याने ओपन जिंकली आणि पुढे हे गाव त्याच्या जिव्हाळ्याचे झाले. १९९५ मध्ये जॅक निकलॉसला चौदाव्या होलच्या ‘हेल’ बंकरमधून बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्याने त्या होलवर दहा फटके नोंदवले. उलट टायगर वुड्स २००० साली चारही दिवस एकाही बंकरमध्ये न जाता आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. आपल्यासाठी धडा सोपा आहे. बंकरमध्ये गेल्यास बाजूला किंवा मागे, जिकडून बाहेर पडता येईल तिकडे मारावे आणि एक फटका गेला असे समजावे. टीवरून शंका असेल तर डावीकडे खेळावे, कारण गॉर्स आणि हद्द प्रामुख्याने उजव्या हाताला आहेत.

एकाच ग्रीनवर दोन झेंडे दिसतात. आपला कोणता?

अठरापैकी चौदा होलांच्या सात जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीचे ग्रीन सामाईक आहे. जोडीतल्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी अठरा येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे. स्वतंत्र ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला आहेत. जातानाच्या होलांवर पांढरे झेंडे असतात आणि येतानाच्या होलांवर लाल, फक्त अठराव्याचा पुन्हा पांढरा. सातव्या आणि अकराव्या होलच्या वाटा एकमेकांना छेदतात, तिथे दोन्हीकडे पाहूनच मारावे आणि चेंडू भरकटला तर ‘फोर’ अशी मोठ्याने हाक द्यावी.

सतराव्या होलबद्दल विशेष काय लक्षात ठेवावे?

‘रोड होल’ हा ४९५ यार्डांचा पार चार (चार फटक्यांत पुरा करण्याची अपेक्षा असलेला होल) आहे आणि मला तो गोल्फमधला सर्वांत प्रामाणिक होल वाटतो, कारण तो काय करणार आहे हे आधीच उघड दाखवतो. टीवरचा फटका उजवीकडच्या हॉटेलच्या आवारावरून मारायचा असतो. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, आणि त्यांच्या आकाराची भिंत अजून तिथे उभी आहे. ग्रीन अरुंद आणि तिरका आहे. त्याच्या पुढच्या कडेला रोड बंकर आहे, मागे रस्ता आणि त्यामागे दगडी भिंत. रस्ता हा कोर्सचाच भाग आहे, त्यामुळे चेंडू तिथे गेला तर फुकट सूट मिळत नाही. डांबरावरून किंवा भिंतीला चिकटलेला आहे तसाच खेळावा लागतो. १९७८ मध्ये जपानच्या नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवर येऊनही पटरच्या फटक्याने बंकरमध्ये घरंगळला आणि त्याचे या होलवर नऊ फटके झाले. सर्वसाधारण खेळाडूने हा पार पाच समजावा, दुसरा फटका ग्रीनच्या पुढे उजवीकडे थांबवावा आणि तिथून पटरने वर न्यावे.

कॅडी घ्यावा का?

पहिल्यांदा जाणाऱ्याने जरूर घ्यावा. इथे बग्गी नसते. प्रकृतीचे कारण असेल तरच ती मिळते. फेरी चार तासांत संपवण्याची अपेक्षा असते, आणि न दिसणाऱ्या बंकरांमुळे कुठे मारायचे हे नकाशावरून कळत नाही. कॅडी दूरचा एखादा मनोरा किंवा छप्पर दाखवतो आणि तिकडे मारायला सांगतो. ते पटले नाही तरी मारावे.

बरोबर काय न्यावे?

जलरोधक जाकीट आणि पँट, पावसात वापरायचे हातमोजे, एकावर एक घालता येतील असे दोन पातळ स्वेटर आणि आधी वापरून सैल झालेले बूट. छत्री वाऱ्यात टिकत नाही. विमानात क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे चाके असलेले भक्कम कव्हर घ्यावे आणि वजनाची मर्यादा आधी विचारावी. चार दिवसांसाठी क्लब भाड्याने घेणे अधिक सोयीचे असते. खिशात शेंगदाण्याची चिक्की असावी, कारण थंड वाऱ्यात चालताना भूक लवकर लागते.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही. तिथला फाटा १९६९ मध्ये बंद झाला. एडिंबराहून लूखर्सपर्यंत रेल्वेने साधारण तासाभरात येता येते आणि पुढचे पाच मैल बस किंवा टॅक्सीने जावे लागते.

घरातली बाकीची मंडळी खेळत नाहीत. त्यांनी काय करावे?

पहिल्या टीजवळच ‘हिमालयाज’ नावाचे उंचसखल पटिंग ग्रीन आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे ते असून, थोडे पैसे भरून कोणालाही पटर आणि चेंडू घेऊन खेळता येते. आजी-नातवंडांनी एकत्र खेळावे अशी ती जागा आहे. गावात पडक्या कॅथेड्रलच्या आवारात टॉम मॉरिस पितापुत्रांच्या समाधी आहेत. थोरल्या टॉमने १८६० च्या दशकापासून या कोर्सची निगा राखली. चार वेळा ओपन जिंकलेला त्याचा मुलगा १८७५ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

सोडतीत नाव आलेच नाही तर?

शेजारचा न्यू कोर्स खेळावा. नाव ‘नवा’ असले तरी तो १८९५ चा आहे, थोरल्या टॉमनेच आखलेला, आणि कित्येक स्थानिक लोक रोजच्या खेळासाठी त्यालाच पसंती देतात. दहा मैलांवर क्रेलला १७८६ पासूनची गोल्फ मंडळी आहेत. त्यांच्या बाल्कोमी कोर्सवर समुद्र अगदी पायाशी येतो आणि फीही बरीच कमी असते.

आणि रविवारपर्यंत थांबता आले तर थांबावे. त्या दिवशी ओल्ड कोर्सवर कोणी खेळत नाही आणि गावातले लोक तिथे फिरायला येतात. आपणही जावे. स्विल्कन ओढ्यावरचा मेंढपाळांसाठी बांधलेला लहान दगडी पूल ओलांडावा, सतराव्या ग्रीनपर्यंत चालत जावे आणि रोड बंकरच्या काठावर उभे राहून आत पाहावे. भिंत किती उंच आहे हे तिथेच कळते. पुढच्या वेळी चेंडू कुठे मारायचा नाही, हे तिथून परतताना पक्के झालेले असते.